सोलोईकरांची चूक

गांवाचें नांव एखाद्या वस्तूला चिकटलें म्हणजे तें सहसा पुसलें जात नाहीं. पैठणच्या विणकरांनीं विणलेल्या वस्त्राला पैठणी म्हणतात, आणि ज्यांनीं पैठण कधीं पाहिलें नाहीं त्यांच्याहि तोंडीं लग्नसराईंत त्या नगराचें नांव येतें. असें भाग्य प्रत्येक गांवाच्या वांट्याला येत नाहीं. आणि आलें तरी तें नेहमीं भूषणावहच असतें असेंहि नाहीं. आशियामायनरच्या दक्षिण किनाऱ्यावर सोलोई नांवाचें एक ग्रीक नगर होतें. त्याचें नांव रेशमाला चिकटलें नाहीं, द्राक्षांनाहि चिकटलें नाहीं. तें चिकटलें व्याकरणाच्या चुकीला.

चुकीच्या वाक्यरचनेला ग्रीक भाषेंत ‘सोलोइकिस्मोस’ म्हणत. रोमन लोकांनीं हा शब्द लॅटिनमध्यें नेला आणि तेथून तो युरोपांतील अनेक भाषांत पसरला. इंग्रजींतील ‘सॉलिसिझम’ तो हाच. केवळ भाषेंतीलच नव्हे, तर रीतिभातींतील चुकीलाहि हा शब्द लावतात; आणि हा विस्तारहि आजकालचा नाहीं. इ. स. पूर्वीं ४थ्या शतकांतील झेनोफन या ग्रंथकारानें वागण्यांतील गांवढळपणाविषयीं तो वापरलेला आहे. हा शब्द एवढा दीर्घायुषी ठरला याचें कारण त्याच्या पोटांत एक जुना प्रश्न दडलेला आहे: चूक वाक्यांत असते, कीं बोलणाऱ्याच्या गांवांत?

प्रथम त्या गांवाचाच परिचय करून घेणें बरें. तौरस पर्वत आणि भूमध्य समुद्र यांच्या मधल्या सुपीक पट्टीला प्राचीन काळीं किलिकिया म्हणत. आज हा मुलूख तुर्कस्तानांत आहे, आणि मेर्सिन शहराच्या लगतच सोलोईचे अवशेष आहेत. अकीयन लोकांनीं व ऱ्होड्स बेटावरील लिंडोस गांवच्या लोकांनीं हें नगर वसविलें, असें स्ट्रॅबो हा भूगोलकार सांगतो. वसाहत ग्रीकांची असली तरी भोंवतालचा प्रदेश ग्रीकांचा नव्हता. डोंगरांत व मैदानांत निराळ्या भाषा बोलल्या जात. बंदरांत फिनिशियाचे व्यापारी येत. आणि या सर्वांवर पुष्कळ काळ इराणच्या सम्राटाची सत्ता होती. इ. स. पूर्वीं ३३३ सालीं अलेक्झांडर या नगरांत आला, तेव्हां नागरिकांचा ओढा अद्याप इराणकडे आहे असें पाहून त्यानें त्यांना २०० टॅलंट चांदीचा दंड केला. अशा ठिकाणीं बाजारांतली, घरांतली आणि दरबारांतली भाषा एकमेकींत मिसळली तर त्यांत नवल तें काय?

या मिसळणीवरूनच पुढें एक आख्यायिका निर्माण झाली. इ. स. ३ऱ्या शतकांत डायोजेनीस लेअर्टिअस यानें तत्त्ववेत्त्यांचीं चरित्रें लिहिलीं. त्यांत ती आढळते. अथेन्सचा प्रसिद्ध स्मृतिकार सोलोन देशाटन करीत किलिकियांत आला व त्यानें स्वतःच्या नांवावरून सोलोई नगर वसविलें. तेथें त्यानें कांहीं अथेन्सकर ठेवले. परक्या लोकांत राहतां राहतां कालांतरानें त्यांची मूळची शुद्ध भाषा बिघडली, आणि मग तसें बिघडलेलें बोलण्याला ‘सोलोइकिझाइन’, म्हणजे ‘सोलोईकरांसारखें बोलणें’, असें क्रियापद रूढ झालें. सायप्रस बेटावरहि सोलोई नांवाचें एक नगर होतें, आणि प्लूटार्क त्याचाहि संबंध सोलोनशींच जोडतो. तेव्हां गोंधळ होऊं नये म्हणून सायप्रसच्या लोकांना ‘सोलिओइ’ आणि किलिकियाच्या लोकांना ‘सोलेइस’ म्हणत, असा भेदहि डायोजेनीसनें नोंदून ठेवला आहे.

कथा सुटसुटीत आहे. परंतु काळाच्या हिशेबांत ती बसत नाहीं. सोलोन अथेन्सचा मुख्याधिकारी झाला तो इ. स. पूर्वीं ५९४ च्या सुमारास. त्याच शतकाच्या उत्तरार्धांत हिपोनॅक्स आणि ॲनाक्रिऑन या दोन कवींच्या रचनांत ‘सोलोइकोस’ हा शब्द आलेला आहे. हे दोघेहि आयोनियाचे, म्हणजे आशियामायनरच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रदेशाचे. एवढ्या थोड्या अवकाशांत अथेन्सच्या लोकांनीं वसाहत करावी, पिढ्या न् पिढ्या राहून भाषा विसरावी, त्यांच्या चुकांची टिंगल ग्रीक जगभर व्हावी आणि तिचा शब्द बनून तो कवींच्या हातीं लागावा, हें संभवत नाहीं. शिवाय त्या कवींनीं हा शब्द अथेन्सच्या बिघडलेल्या वंशजांना लावलेलाच नाहीं. हिपोनॅक्सच्या रचनेंत तो गुलाम म्हणून विकल्या जाणाऱ्या फ्रिजियन लोकांना उद्देशून आहे. ॲनाक्रिऑनला त्यानें परक्यासारखें, अडाण्यासारखें उच्चारलेलें बोलणें अभिप्रेत आहे. म्हणजे प्रारंभीं ‘सोलोइकोस’ याचा अर्थ ‘व्याकरण चुकणारा’ असा नव्हता. ‘आपल्यांतला नव्हे तो’ असा होता. किलिकियांतल्या नगराशीं त्याचा संबंध असेलहि. परंतु स्ट्रॅबोसारख्या सावध लेखकानें, हा शब्द सोलोईवरून आला असो वा अन्य रीतीनें बनला असो, असें म्हणून तो वाद तेथेंच सोडून दिला आहे.

स्ट्रॅबोच्याच विवेचनांत या शब्दाच्या थोरल्या भावाचाहि विचार आला आहे. तो शब्द म्हणजे ‘बार्बारोस’. होमरच्या इलियडमध्यें कॅरियाच्या लोकांना ‘बार्बर बोलीचे’ असें विशेषण लावलेलें आहे. स्ट्रॅबोच्या मतें हा शब्द मुळांत ध्वनीची नक्कल होता: ज्यांची जीभ जड, ज्यांचें बोलणें ‘बरबर’ असें कानीं पडतें, ते बार्बार. पुढें तोच शब्द सर्व परकीयांना लागला. जणूं जो ग्रीक नाहीं त्याची जीभ जडच असली पाहिजे. दोन्ही शब्दांचा जन्म असा कानांतून झाला, आणि तो कान उपहास करणाऱ्याचा होता.

तथापि या शब्दाचा उपयोग निव्वळ हिणवण्यासाठींच होत असे असें मात्र नव्हे. इ. स. पूर्वीं ५व्या शतकांत हिरोडोटसनें सौरोमाती या जमातीची हकीकत दिली आहे. ॲमेझॉन नांवाच्या लढवय्या स्त्रिया सिथियन तरुणांशीं संसार करूं लागल्या. पुरुषांना स्त्रियांची भाषा शिकतां येईना. स्त्रियांनीं मात्र पुरुषांची भाषा उचलली, पण ती नीट साधली नाहीं. म्हणून त्यांचे वंशज सिथियन भाषा बोलतात ती पूर्वापार सदोष बोलतात, असें सांगतांना हिरोडोटसनें हेंच क्रियापद वापरलें आहे. येथें चूक ग्रीक भाषेंतील नाहीं, आणि सोलोईचा तर संबंधच नाहीं. शिवाय दोष कोणाचा हें पाहूं गेल्यास निराळाच निवाडा निघतो: ज्यांना परकी भाषा मुळींच आली नाहीं त्या पुरुषांवर ठपका नाहीं, जिनें शिकण्याचा यत्न केला तिच्या मुलांच्या तोंडीं मात्र चूक आली. चूक करण्याचा प्रसंग परकी भाषा शिकूं जाणाऱ्यावरच येतो.

याच शतकांत अथेन्सला भाषेची चिकित्सा करणारे सोफिस्ट लोक पुढें आले, आणि ‘सोलोईपणा’ हा शब्द माणसावरून उतरून हळूहळू वाक्यावर आला. प्रोटॅगोरस या सोफिस्टाचें म्हणणें ॲरिस्टॉटलनें नोंदलें आहे. इलियडचा पहिलाच शब्द ‘मेनिस’, म्हणजे क्रोध, हा ग्रीकांत स्त्रीलिंगी चालतो. प्रोटॅगोरसच्या मतें तो पुल्लिंगी असावयास हवा. ॲरिस्टॉटल यावर मार्मिकपणें दाखवितो कीं, मग जो त्या शब्दाला स्त्रीलिंगी विशेषण लावील तो प्रोटॅगोरसच्या हिशेबानें चुकला, पण इतर कोणालाहि तो चुकला असें वाटणार नाहीं. ज्याचें काव्य पाठ करून ग्रीक मुलें भाषा शिकत त्या होमरचेंच विशेषण असें दोषी ठरूं लागलें, तेव्हां एक गोष्ट उघड झाली: केवळ तर्कानें चूक ठरत नाहीं, ती ठरविणारा समाज लागतो.

या प्रश्नाला शास्त्राचें रूप दिलें तें स्टोइक पंथानें, आणि येथें या कथेंतील सर्वांत मोठा योगायोग घडला. स्टोइक पंथाचा तिसरा आचार्य क्रिसिपस हा या सोलोईचाच. इ. स. पूर्वीं ३ऱ्या शतकांत तो अथेन्सला आला आणि त्या पंथाचा आधारस्तंभ झाला. त्याचे ग्रंथ ७०५ हून अधिक होते असें डायोजेनीस सांगतो. ते जवळजवळ सर्व नष्ट झाले असले तरी त्यांच्या नांवांची लांबलचक यादी उरली आहे, आणि तींत ‘सोलोइकिस्मोस’ या विषयावरील ग्रंथाचेंहि नांव आहे! ज्या गांवाच्या नांवानें चुकीला ओळखत, त्या गांवच्या माणसानें त्या चुकीचें शास्त्र लिहावें, यापेक्षां सोज्ज्वळ उत्तर कोणतें असूं शकेल?

स्टोइकांनीं दोषांचे दोन प्रकार केले. मान्यवर ग्रीकांच्या रूढीला सोडून वापरलेला शब्द तो ‘बार्बारिस्मोस’. आणि ज्यांत शब्दांची परस्पर संगति जमत नाहीं तें बोलणें म्हणजे ‘सोलोइकिस्मोस’. मराठींतील उदाहरण घेतल्यास हा भेद स्पष्ट होईल. ‘पाणी’ऐवजीं कोणी ‘पानी’ म्हटलें तर तो पहिल्या जातीचा दोष गणला जाईल. तो एका शब्दाच्या पोटांत आहे. ‘नदी वाहतो’ या वाक्यांत मात्र ‘नदी’ शुद्ध आहे, ‘वाहतो’हि शुद्ध आहे, बिघडला आहे तो दोघांमधला संबंध. अशी व्याख्या एकदां झाली म्हणजे बोलणारा किलिकियाचा कीं अथेन्सचा हें विचारण्याचें कारण उरत नाहीं. अथेन्सचा अस्सल रहिवासी घाईंत ‘सोलोईकर’ ठरूं शकतो, आणि सोलोईकर अभ्यासानें निर्दोष बोलूं शकतो.

शास्त्र असें पुढें गेलें, तरी लोकांचे कान जागच्या जागींच राहिले. हॅलिकार्नाससचा डायोनिसिअस हा शैलीचा टीकाकार तर्कशास्त्रांत क्रिसिपसची बरोबरी करणारा कोणी नाहीं हें मान्य करतो, पण शब्दांच्या मांडणींत इतका बेडौल लेखकहि दुसरा नाहीं असें म्हणतो. ही टीका निदान लेखनावर आहे. इ. स. २ऱ्या शतकांतील थोर वैद्य गॅलन मात्र चारशें वर्षांपूर्वीं मेलेल्या क्रिसिपसचें गांव काढतो: हा अथेन्समध्यें जन्मला नाहीं, वाढला नाहीं, काल परवां किलिकियाहून आला आणि स्वतःला ग्रीक धड येण्याच्या आधींच अथेन्सकरांना शब्दांचे कायदे सांगूं लागला, असा त्या आक्षेपाचा मथितार्थ. गॅलन स्वतः अथेन्सचा नव्हता. तोहि आशियामायनरमधील पर्गामॉनचाच!

रोमच्या शाळांत हा विषय नित्याचा अभ्यास झाला. क्विंटिलियननें इ. स. १ल्या शतकांत वक्तृत्वशिक्षणावर लिहिलेल्या ग्रंथांत मोठी बारीक चर्चा केली आहे. सोलोइकिस्मोस एकाच शब्दांत होऊं शकतो काय, असा त्यांतला एक प्रश्न आहे. एकाच माणसाला बोलावतांना कोणी ‘या रे सगळे’ अशा अर्थाचें अनेकवचनी क्रियापद वापरलें तर शब्द निर्दोष, पण प्रसंगाशीं त्याचा मेळ नाहीं. तोंडानें एक बोलून हातानें दुसरेंच दाखविणें यालाहि कोणी हाच दोष मानीत. या मताचें प्रात्यक्षिक स्मर्ना येथें घडल्याचें फिलोस्ट्रेटसनें लिहून ठेवलें आहे. एका नटानें देवराज झ्यूसला हांक मारतांना जमिनीकडे बोट केलें आणि पृथ्वीचें नांव घेतांना आकाशाकडे. स्पर्धेच्या अध्यक्षस्थानीं पोलेमोन हा वक्ता होता. या माणसाचा हातच व्याकरण चुकला, अशा आशयाचे उद्गार काढून त्यानें नटाला स्पर्धेंतून बाद केलें.

हा अधिकार शेवटीं कोणाचा, हा प्रश्न राजसत्तेपुढेंहि आला. सम्राट टायबेरिअसनें एक रूढ नसलेला लॅटिन शब्द वापरला. तो शब्द आजवर नसला तरी येथून पुढें लॅटिनच, अशी एका कायदेपंडितानें मखलाशी केली. तेव्हां मार्सेलस नांवाच्या वैयाकरणानें सम्राटाला तोंडावर सांगितलें कीं, नागरिकत्व माणसांना देणें आपल्या हातीं आहे, शब्दांना देणें नाहीं. वैयाकरणाच्या धैर्याची ही कथा प्रसिद्ध आहे. तिची दुसरी बाजू मात्र ३ शतकांनंतर सेंट ऑगस्टिननें दाखविली. तो उत्तर आफ्रिकेचा. त्याच्या उच्चारांवरून इटलीचे लोक त्याला टोंचून बोलत, हें त्यानें स्वतःच नमूद केलें आहे. आपल्या आत्मवृत्तांत तो खेद करतो कीं, लोक स्वतःचीं वाईट कृत्यें निर्दोष भाषेंत सांगून वाहवा मिळवितात, आणि चांगलें कृत्य सांगतांना व्याकरण चुकलें तर लाजेनें मान खालीं घालतात. ‘मनुष्य’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांतील ‘ह’ गाळण्याची भीति त्यांना मनुष्याचा द्वेष करण्यापेक्षां अधिक वाटते. अन्यत्र तो सोलोइकिस्मोसची व्याख्याच अशी करतो कीं, आपल्या आधीं अधिकारवाणीनें बोलून गेलेल्यांच्या रीतीनें शब्द न जोडणें म्हणजे हा दोष. ‘आधीं’ आणि ‘अधिकार’ या दोन शब्दांत त्यानें सारें मर्म सांगून टाकलें.

भूमध्य समुद्राकांठीं हा विचार चालला असतां हिंदुस्थानांतील वैयाकरणांपुढेंहि हाच प्रश्न उभा होता. इ. स. पूर्वीं २ऱ्या शतकांतील पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभींच, ‘हे अरयः’ ऐवजीं ‘हेलयः’ असें ओरडणाऱ्या असुरांचा पराभव झाला ही जुनी कथा घेतली आहे, आणि अपशब्द म्हणजे म्लेच्छपणा असा तिचा निष्कर्ष दिला आहे. ‘म्लेच्छ’ धातूचा अर्थच अस्पष्ट बोलणें. ग्रीकांचा बार्बार आणि आर्यांचा म्लेच्छ हे एकाच साच्यांतून निघाले: परका तो, ज्याचें बोलणें कानाला कळत नाहीं. परंतु याच पतंजलीनें एका सूताची, म्हणजे सारथ्याची, गोष्टहि तितक्याच प्रेमानें सांगितली आहे. वैयाकरणानें सारथ्याला त्याच्या धंद्याच्या एका शब्दावरून चुकीचा ठरविलें. तेव्हां सारथ्यानें नम्रपणें पण ठामपणें दाखवून दिलें कीं, सूत्रांतून काय निघतें तें पंडिताला ठाऊक आहे, लोकांना कोणतें रूप इष्ट आहे तें मात्र ठाऊक नाहीं. रथ हांकणारा येथें वैयाकरणाचा गुरु झाला.

पतंजलीनें ‘गो’ या शुद्ध शब्दाचे अपभ्रंश म्हणून ‘गावी’, ‘गोणी’, ‘गोता’ असे शब्द दिले आहेत. त्यांतील ‘गावी’ प्राकृतांत राहिला, झिजला आणि महाराष्ट्राच्या गोठ्यांत ‘गाय’ होऊन उभा राहिला. आज शाळेच्या पुस्तकांत ‘गाय’ शुद्ध आहे. ज्या बोलींना ‘अपभ्रंश’ हें नांव हिणकस म्हणून मिळालें, त्यांचें सांगोपांग व्याकरण १२व्या शतकांत गुजरातेंत हेमचंद्रानें लिहिलें. मराठी ही तर अशा ‘चुकां’चीच थोर संतति आहे. म्हणून वऱ्हाडांतल्या किंवा खानदेशांतल्या मुलाच्या तोंडून ‘पानी’, ‘लोनी’ असे शब्द निघाले आणि वर्गांत हंशा पिकला, तर तो हंशा कोणत्या जातीचा हें ओळखणें कठीण नाहीं. लिहितांना ‘पाणी’ लिहावें हें मुलाला शिकविणें हें क्रिसिपसचें काम आहे. त्याच्या गांवावरून त्याला हंसणें हें गॅलनचें.

सोलोईचें पुढें काय झालें? इ. स. पूर्वीं १ल्या शतकांत आर्मेनियाचा राजा टायग्रेनीस यानें तें ओस पाडून तेथील लोक आपल्या नव्या राजधानींत नेऊन वसविले. त्यानंतर रोमन सेनापति पाँपी यानें इ. स. पूर्वीं ६७ सालीं समुद्रावरील चांचांचा बंदोबस्त केला आणि शरण आलेल्यांपैकीं कांहींना या ओसाड नगरांत जागा दिली. नगराला पाँपीओपोलिस असें नवें नांव मिळालें. जुनें नांव नकाशावरून मावळलें. चुकीच्या नांवांत तेवढें टिकलें. आज तेथें रोमन काळच्या प्रशस्त रस्त्याच्या कडेचे कांहीं दगडी स्तंभ उभे आहेत.

त्या नगराचीं जुनीं चांदीचीं नाणीं मात्र सांपडतात. त्यांच्या एका बाजूला गुडघा टेकून धनुष्य सांवरणारी ॲमेझॉन आहे, दुसऱ्या बाजूला द्राक्षांचा घोंस आहे, आणि कडेला ‘सोलेओन’, म्हणजे ‘सोलोईकरांचें’, अशीं ग्रीक अक्षरें आहेत. षष्ठीचें अनेकवचन आहे. रूप बिनचूक आहे. याच नगरानें अरेटस हा कवि दिला. आकाशांतील ताऱ्यांवरचें त्याचें काव्य सिसेरोनें लॅटिनमध्यें आणलें. आणि बायबलांतील वृत्तांतानुसार किलिकियाच्याच टार्ससचा सेंट पॉल अथेन्समध्यें उपदेश करण्यास उभा राहिला, तेव्हां त्यानें तुमच्याच कवींचें वचन म्हणून जें सांगितलें, तें याच अरेटसच्या काव्यांत आहे. अशुद्ध बोलणाऱ्यांचें म्हणून हिणवलेल्या गांवचा कवि, आणि त्याचे शब्द अथेन्सच्या सभेंत अथेन्सकरांचे स्वतःचे म्हणून सांगितले गेले. त्या सभेंत कांहींनीं पॉलच्या उपदेशाची थट्टा केली अशी नोंद आहे. कवीचें गांव कोणी विचारल्याची मात्र नाहीं.